अभियंता व्हावयाचे, पण कोठे?

संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला की आपल्या येथील मराठी घरांतून एकच विषय चर्चिला जाऊ लागतो. कोणाच्या मुलाचा ए-लेव्हलचा निकाल लागावयाचा असतो, कोणाची मुलगी सीबीएसईच्या बारावीस बसलेली असते, तर कोणाचे चिरंजीव आय. बी.च्या अभ्यासात बुडालेले असतात. अभ्यासक्रम निरनिराळे, परीक्षांचे महिने निरनिराळे. परंतु आईबापांच्या मुखी प्रश्न मात्र एकच. “इंजिनिअरिंगला जावयाचे तर खरे, पण कोठे?”

हा प्रश्न ज्याने स्वतः एकदा चुकीच्या रीतीने सोडविला, त्याने त्यावर दोन शब्द लिहावेत अशी संपादकांची इच्छा. माझी चूक कोणती ती यथावकाश सांगेन. तत्पूर्वी या विषयाची थोडी पूर्वपीठिका पाहणे इष्ट होईल. कारण महाविद्यालयाची निवड करताना त्याचे नाव आपण ऐकलेले असते, परंतु ते कशासाठी जन्मास आले हे सहसा विचारीत नाही.

संस्थेचा जन्म गरजेतून

आपल्या महाराष्ट्रातील अभियांत्रिकी शिक्षणाचा आरंभ पुण्यास १८५४ साली झाला. इमारती, धरणे, कालवे, पूल व आगगाडीचे मार्ग या कामांवर देखरेख करण्यास सरकारला शिकलेली माणसे हवी होती. म्हणून तेथे एक छोटा वर्ग निघाला. त्याच रोपट्याचे पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले व २०२२ मध्ये त्यास स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुंबईच्या कापडगिरण्यांना कुशल माणसे हवी होती, त्या गरजेतून १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था उभी राहिली. आज माटुंग्यास ती वीरमाता जिजाबाईंच्या नावाने नांदते आहे. रसायनांचे व रंगांचे धंदे वाढू लागताच १९३३ साली मुंबई विद्यापीठाने आपला रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. स्वातंत्र्याच्या वर्षी, म्हणजे १९४७ मध्ये, सांगलीस महाविद्यालय निघाले. १९५८ मध्ये पवई येथे आय. आय. टी.ची स्थापना झाली आणि १९६० मध्ये नागपुरास विश्वेश्वरय्यांच्या नावाचे महाविद्यालय आले. पुढे १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर खाजगी महाविद्यालयांस परवानगी दिली व जिल्ह्याजिल्ह्यांतून ती निघाली. त्यांतील काही नावारूपास आली, काही नुसत्या इमारती राहिल्या. अशी ही एकूण हकीकत.

ज्या भूमीत आपण राहतो तेथील इतिहासही याच धर्तीचा आहे. सिंगापूर पॉलिटेक्निकची स्थापना १९५४ साली झाली व १९५८ मध्ये तेथे वर्ग भरू लागले. बंदरावर जगणाऱ्या या बेटास कारखान्यांकडे वळावयाचे होते व त्यासाठी हाताने काम जाणणारी माणसे हवी होती. १९८० मध्ये सिंगापूर विद्यापीठ व नानयांग विद्यापीठ एकत्र येऊन आजचे राष्ट्रीय विद्यापीठ, एन. यू. एस., झाले. पुढच्याच वर्षी जुन्या नानयांगच्या जागेवर स्थापत्य, विद्युत आणि यंत्र या तीन शाखा घेऊन एक तंत्रसंस्था निघाली. प्रत्यक्ष उद्योगात उतरू शकतील असे अभियंते घडविणे हा तिचा हेतू. तीच १९९१ मध्ये एन. टी. यू. झाली. २००९ मध्ये आणखी दोन संस्थांची पायाभरणी झाली. एस. यू. टी. डी.ने अमेरिकेतील एम. आय. टी.च्या सहकार्याने रचना व तंत्रज्ञान यांचा मेळ घालण्याचे ठरविले व तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये प्रवेश घेतला. एस. आय. टी.ने उपयोजित शिक्षणाचा मार्ग धरला. २०१४ मध्ये ती स्वायत्त विद्यापीठ झाली व आता पुंगोल येथे तिचे नवे आवार आहे.

ही जंत्री येथे देण्याचे कारण एवढेच की, प्रत्येक संस्थेच्या जन्मकाळच्या गरजेचा ठसा तिच्या शिकवण्यावर पुढेही राहतो. ज्याला सिद्धान्तात रस आहे त्याला जेथे आनंद वाटेल, तेथे यंत्र उघडून पाहिल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही असा मुलगा कंटाळून जाईल. दोघेही बुद्धिमान, मात्र दोघांचे घर एक नव्हे.

येथे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे स्मरण होते. बंगळूरास बी. ए. झाल्यावर म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्यास आले व १८८३ मध्ये तेथून अभियंते होऊन बाहेर पडले. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आपोआप उघडणारी दारे बसविली आणि मग स्वप्रांती परतून म्हैसूरचे मुख्य अभियंते झाले. मुलाने घरापासून दूर जाऊन शिकावे की जवळ राहून, हा वाद आजचा नव्हे. विश्वेश्वरय्या दूर गेले, कारण जे शिकावयाचे होते ते तेथे उत्तम मिळत होते. दूर जाणे ही स्वतः काही गुणवत्ता नव्हे, जवळ राहणे हाही दोष नव्हे.

तीन वाटा

सिंगापुरातील मराठी विद्यार्थ्यापुढे स्थूलमानाने तीन वाटा असतात: येथेच शिकणे, मायदेशी जाणे, किंवा तिसऱ्याच देशाचा रस्ता धरणे.

प्रथम मायदेशाची वाट पाहू, कारण आजीआजोबांचा ओढा तिकडे असतो. पुष्कळ पालकांची समजूत अशी की, आपण महाराष्ट्राचे, तेव्हा महाराष्ट्रातील जागांवर आपल्या मुलांचा हक्क आहेच. ही समजूत वेळीच दूर केलेली बरी. राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतील जागांचा मोठा भाग महाराष्ट्रात शिकलेल्या व तेथील अधिवास असलेल्या विद्यार्थ्यांसाठी असतो. ज्याची दहावी व बारावी दोन्ही सिंगापुरात झाली, त्याला ते दार बहुधा बंद असते. आय. आय. टी.साठी जेईईच्या दोन्ही पायऱ्या चढाव्या लागतात आणि वरच्या पायरीवर लागोपाठच्या दोनच वर्षांत दोन संधी मिळतात. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांसाठी ‘डासा’ नावाची परदेशस्थांची योजना आहे. तिच्यातील प्रवेश २०२१ पासून जेईई मेनच्या गुणांवर होतात व शुल्क डॉलरांत भरावे लागते. खाजगी महाविद्यालयांत अनिवासी भारतीयांसाठी काही जागा असतात; तेथे शुल्काचा आकडा व महाविद्यालयाची योग्यता यांचा परस्परसंबंध असेलच असे नाही.

यात एक अडचण अशी की, ज्युनिअर कॉलेजातील ए-लेव्हलचा अभ्यास व जेईईचा अभ्यास यांची चाल वेगळी आहे. विषयांची नावे एक असली तरी प्रश्न विचारण्याची रीत निराळी. दोन्ही घोड्यांवर बसणारी काही मुले पार जातात. पुष्कळांची मात्र दोन्हीकडे ओढाताण होते. ज्यांस मायदेशी जावयाचे निश्चित आहे त्यांनी अकरावीच्या आरंभीच तसे ठरवावे आणि विषयही त्याच बेताने घ्यावेत. बारावीच्या मध्यावर ‘तेही करून पाहू’ असे म्हणणे म्हणजे मुलाच्या पाठीवर दुसरे ओझे ठेवणे होय.

आता येथली वाट. येथील नागरिक नसलेल्या विद्यार्थ्यांस शासनाचे शिक्षण-अनुदान मिळू शकते व शुल्क बरेच उतरते. परदेशी विद्यार्थ्याने ते घेतल्यास पदवीनंतर तीन वर्षे सिंगापुरातील आस्थापनेत काम करण्याचे बंधपत्र लिहून द्यावे लागते. कायम रहिवाशांचे नियम वेगळे आहेत, तेव्हा सहीपूर्वी करारनामा प्रत्येकाने स्वतः वाचावा. बंधपत्रास भिण्याचे कारण नाही. तीन वर्षांचा अनुभव हा तोटा नव्हे. परंतु ज्या मुलीच्या मनात पदवीनंतर लगेच परदेशी संशोधनास जावयाचे आहे, तिने ही गोष्ट आरंभीच हिशेबात धरली पाहिजे.

मुलग्यांच्या बाबतीत राष्ट्रीय सेवेचा विचार अटळ आहे. आईवडिलांबरोबर कायम रहिवासी झालेल्या मुलाला दोन वर्षांची पूर्णवेळ सेवा करावी लागते व विद्यापीठीय शिक्षणासाठी ती पुढे ढकलता येत नाही. येथील विद्यापीठे मिळालेली जागा सेवा संपेपर्यंत राखून ठेवतात. म्हणजे पुण्यातला चुलतभाऊ बाविसाव्या वर्षी अभियंता होऊन पगार घेत असता, आपला मुलगा विद्यापीठाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असतो. ही तुलना घरात वारंवार काढू नये. सेवेतून परतलेली मुले वर्गात अधिक जबाबदारीने बसतात, असे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिले आहे. सेवा टाळण्यासाठी मुलास आधीच बाहेर धाडण्याचा विचार ज्यांच्या मनात येतो, त्यांनी एवढे जाणावे की त्याचे परिणाम मुलाच्या पुढील आयुष्यात, येथे परत येऊन राहण्याच्या वा काम करण्याच्या वेळी, त्यालाच भोगावे लागतात. निर्णय बापाचा आणि भोग मुलाचा, असे होता कामा नये.

तिसऱ्या देशाविषयी थोडक्यात सांगतो. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका येथील विद्यापीठे उत्तम आहेत. परंतु खर्चाचा आकडा चार वर्षांचा एकत्र मांडावा, पहिल्या वर्षाचा नव्हे. आणि धाकट्या भावंडाचे शिक्षण त्याच घरातून व्हावयाचे आहे हे विसरू नये.

शाखा आधी की महाविद्यालय आधी?

हा प्रश्न मला सर्वांत अधिक वेळा विचारला जातो. ‘नामांकित महाविद्यालयात मिळेल ती शाखा घ्यावी, की हवी ती शाखा मिळेल तेथे जावे?’ माझे उत्तर असे: ज्याला आपली आवड निश्चित ठाऊक आहे त्याने शाखेस प्राधान्य द्यावे, ज्याला ती ठाऊक नाही त्याने असे महाविद्यालय पाहावे की जेथे निवड करण्यास अवधी मिळतो. अठराव्या वर्षी आवड ठाऊक नसणे हा काही अपराध नव्हे. एस. यू. टी. डी.मध्ये आरंभीची सत्रे सर्वांस समान असतात व शाखा नंतर निवडावयाची असते. एन. यू. एस.मध्येही सामाईक अभियांत्रिकी प्रवेशाची सोय आहे. याउलट भारतातील प्रवेश-फेरीत शाखा व महाविद्यालय यांची जोडी एकदमच पदरात पडते आणि नंतर शाखा बदलणे अवघड असते.

संगणकाच्या शाखेकडे हल्ली सर्वांची धाव आहे. तीस आक्षेप नाही. परंतु पाणी, वीज, पूल, आगगाडी, औषधे या गोष्टी जगाला उद्याही लागणारच आहेत. एखाद्या वर्षी बाजारात कशाचा भाव चढला आहे ते पाहून चाळीस वर्षांचा व्यवसाय निवडणे हे शेअरबाजाराला शोभेल, शिक्षणाला नव्हे.

पारख कशी करावी?

माहितीपुस्तिकेवरील चकचकीत इमारत पाहून मोहित होऊ नये. पारखण्याच्या काही खुणा अनुभवाने सांगतो.

पहिली खूण मान्यतेची. भारतात संस्थेची परवानगी निराळी व अभ्यासक्रमाचे मूल्यांकन निराळे. नॅक ही संपूर्ण संस्थेकडे पाहते, एन. बी. ए. प्रत्येक शाखेचे स्वतंत्र मूल्यांकन करते. म्हणून ‘आमचे महाविद्यालय मान्यताप्राप्त आहे’ एवढ्याने समाधान मानू नये. आपल्या मुलाच्या शाखेस मूल्यांकन आहे काय, हे विचारावे. अभियांत्रिकी पदव्यांची परस्परमान्यता ठरविणारा वॉशिंग्टन करार १९८९ मध्ये झाला. त्यात सिंगापूर २००६ मध्ये व भारत २०१४ मध्ये पूर्ण सभासद झाले. परंतु भारतातील सर्वच पदव्यांस त्याचा लाभ मिळत नाही; एन. बी. ए.च्या वरच्या श्रेणीत मूल्यांकन झालेल्या अभ्यासक्रमांसच तो मिळतो. मायदेशी शिकून येथे परत येण्याचा व पुढे व्यावसायिक अभियंता म्हणून नोंदणी करण्याचा ज्यांचा मानस आहे, त्यांनी येथील नोंदणी मंडळाचे नियम प्रवेशापूर्वीच वाचावेत.

दुसरी खूण नोकरीच्या आकड्यांची. ‘आमच्या विद्यार्थ्यास अमुक कोटींचा पगार मिळाला’ ही जाहिरात एका विद्यार्थ्याची असते. आपला मुलगा बहुधा मधल्या रांगेत असेल. तेव्हा मधल्या विद्यार्थ्यास काय मिळाले ते विचारावे. सिंगापुरात दरवर्षी पदवीधरांच्या नोकऱ्यांची पाहणी प्रसिद्ध होते व तीत अभ्यासक्रमवार मध्यम पगार दिलेला असतो. भारतात एन. आय. आर. एफ.च्या मानांकनासाठी संस्थांनी सादर केलेल्या माहितीतही असा आकडा सापडतो. तो शोधून वाचावा.

तिसरी खूण सर्वांत महत्त्वाची. ती कागदावर सापडत नाही. शक्य तर महाविद्यालय प्रत्यक्ष पाहावे, आणि तेही सुटीच्या दिवशी नव्हे. प्रयोगशाळेत व कर्मशाळेत डोकवावे. यंत्रांवर तेलाचा डाग आहे की धूळ आहे, हे पाहावे. तेल असेल तर मुले काम करतात. धूळ असेल तर यंत्रे तपासणीच्या दिवसापुरती आहेत. पहिल्या वर्षाला कोण शिकवितो, ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते, नापास झालेल्या मुलास सावरण्याची काय व्यवस्था आहे, हे तेथील विद्यार्थ्यांसच विचारावे. प्राचार्य आपल्याला स्वागतकक्ष दाखवतील. खरे काय ते विद्यार्थीच सांगतील.

माझ्या नात्यातील एका मुलाच्या बाबतीत हे कोणी केले नाही. पुस्तिका पाहिली, शुल्क भरले, मुलास वसतिगृहात पोहोचविले. कर्मशाळेस वर्षातले बहुतेक दिवस कुलूप होते, हे त्याने सहा महिने घरी कळविले नाही. आईवडिलांनी इतका पैसा भरला, आता तक्रार कशी करावी, या संकोचाने. वर्ष संपल्यावर तो परत आला तो आठ किलो वजन घटवून. त्याने पुन्हा आरंभ केला व आज तो सुखरूप आहे. परंतु ते एक वर्ष आणि तो संकोच त्याच्या घरात अद्याप कोणी विसरलेले नाही.

माझी चूक

आता माझ्या चुकीकडे येतो.

माझा मुलगा ओ-लेव्हलला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. ज्युनिअर कॉलेजचे दार त्याला उघडे होते. त्याने मात्र पॉलिटेक्निकमध्ये, म्हणजे आपल्या मराठीत तंत्रनिकेतनात, जाण्याचे ठरविले. मी स्वतः पुण्याचा पदवीधर. ‘डिप्लोमा’ हा शब्द ऐकताच माझे मन खट्टू झाले. आमच्या पिढीत ज्याला पदवीला जागा मिळाली नाही तो तिकडे जाई, अशी समजूत होती. मी त्याला नाना परीने समजाविले. शेवटी तो म्हणाला, “बाबा, तुम्हांला माझ्या शिक्षणाची काळजी वाटते, की लोकांना काय सांगावे याची?”

मी उत्तर दिले नाही. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात आरतीनंतर एका स्नेह्यांनी विचारले, “चिरंजीव कोठे जात आहेत?” मी म्हणालो, “अजून ठरावयाचे आहे.” वास्तविक त्याचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू झाले होते. प्रसादाची वाटी घेऊन तो माझ्या मागेच उभा होता. त्याने ऐकले, तो काही बोलला नाही.

पुढे तीन वर्षे त्याने जे काम केले ते पाहून मीच चकित झालो. पदवीच्या चार वर्षांत मी जितके पंप उघडले नव्हते तितके त्याने पहिल्या दोन सत्रांत उघडले. नंतर राष्ट्रीय सेवा झाली आणि मग येथीलच विद्यापीठात प्रवेश मिळाला. पदविकेमुळे काही विषयांची सूटही मिळाली. ही वाट येथे रुळलेली आहे. आपल्या महाराष्ट्रातही पदविकाधारकास पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतोच. मला ते ठाऊक होते. ठाऊक असूनही माझ्या मुलाकरिता ती वाट मी कमी प्रतीची मानली.

आज तो पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेवर काम करतो. ज्या बेटावर पाण्याचा थेंब न् थेंब जपावा लागतो, तेथे त्याच्या कामाचे मोल मी सांगावयास नको. परंतु आरतीनंतरचे माझे ते वाक्य मी त्याच्यापुढे परत घेतले नव्हते. या लेखाच्या निमित्ताने ते घेतो. त्या सायंकाळी मी म्हणावयास हवे होते, “माझा मुलगा पॉलिटेक्निकमध्ये आहे, आणि त्याने ते स्वतः निवडले आहे.”

पालकबंधुभगिनींनो, चांगल्या महाविद्यालयांची नावे कोणीही सांगेल. मानांकनाच्या याद्या दरवर्षी निघतात. परंतु आपल्या मुलाचे हात कशाकडे वळतात, त्याचा डोळा कशावर खिळतो, हे पाहण्याची यादी कोणी छापीत नाही. ती आपणच पंधरा-सोळा वर्षे घरात बसून तयार केलेली असते. फक्त निवडीच्या दिवशी ती काढून वाचावयाची असते.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसही एक सांगणे. आईवडील जे बोलतात त्यात भीती असते, कारण परक्या देशात येऊन त्यांनी जे उभारले ते जपून उभारले आहे. त्यांच्या भीतीचा राग धरू नका. नियम वाचा, आकडे जमवा, महाविद्यालय पाहून या आणि मग आपली निवड त्यांच्यापुढे शांतपणे मांडा. एकदा ऐकतील, एकदा नाही ऐकणार. परंतु मांडलेली गोष्ट मनात रुजते. माझ्या मनात ती रुजण्यास काही वर्षे लागली. तुमच्या घरी तितकी न लागोत, हीच या गणेशोत्सवाच्या प्रसंगी गजाननाचरणी प्रार्थना.